वंचित वस्त्यांसाठी करसवलत : अमेरिकेतील क्षेत्रनिवडीचा आढावा

एखाद्या वस्तीतले कारखाने बंद पडले, दुकाने उठली, कमावती कुटुंबे निघून गेली आणि मागे राहिलेल्यांना काम मिळेनासे झाले, की सरकारपुढे साधारणपणे दोन मार्ग असतात. त्या वस्तीवर तिजोरीतून थेट खर्च करायचा, किंवा तिथे धंदा काढणाऱ्याचा कर कमी करून खाजगी पैसा तिकडे वळवायचा. दुसरा मार्ग पत्करला, की कराचा दर ठरवण्याआधीच एक गोष्ट ठरवावी लागते, ती म्हणजे नकाशावरची रेषा. रेषेच्या आत सवलत मिळते आणि बाहेर मिळत नाही, म्हणून ही रेषा कोणी मागायची, कोणी आखायची आणि ती योग्य ठिकाणी आखली गेली याची खातरजमा कोणी करायची, हे प्रश्न सवलतीच्या रकमेइतकेच महत्त्वाचे ठरतात. या क्षेत्रनिश्चितीचे सर्वांत जास्त प्रयोग अमेरिकेत झाले. त्या प्रयोगांचा क्रम लावून पाहिला, तर मूळचा अर्जदार, म्हणजे ती वस्ती, प्रक्रियेतून हळूहळू बाहेर पडत गेलेली दिसते, आणि ही घसरण करधोरणाच्या चर्चेत पुरेशी मनावर घेतली गेलेली नाही.

कल्पना मुळात ब्रिटनची होती. नगररचनेचे अभ्यासक पीटर हॉल यांनी 1977 मध्ये असा विचार मांडला की, मोडकळीला आलेल्या शहरभागांतील काही छोटे तुकडे हाँगकाँगसारखे जवळजवळ निर्बंधमुक्त करून पाहावेत. पुढच्याच वर्षी हुजूर पक्षाचे नेते जेफ्री हाऊ यांनी ती कल्पना उचलली, आणि थॅचर सरकारच्या 1980 च्या कायद्याने ‘एन्टरप्राइझ झोन’ अस्तित्वात आले. पहिल्या फेरीत अकरा क्षेत्रे निवडली गेली. त्यांत दहा वर्षे स्थानिक मालमत्ताकर माफ होता, बांधकामावरील भांडवली खर्च पहिल्याच वर्षी पूर्ण वजा करता येत होता आणि नियोजनाच्या परवानग्या सैल केल्या होत्या. लंडनच्या आइल ऑफ डॉग्जमधील बंद गोद्यांच्या जागी पुढे कॅनरी व्हार्फचे मनोरे उभे राहिले, त्याची एक मुळी याच योजनेत आहे. मात्र ब्रिटनमध्ये निवडीचा भर पडीक जमिनीवर होता. तिथे कोण राहते आणि त्याला काम मिळेल का, हा प्रश्न दुय्यम होता.

अमेरिकेत ही कल्पना हेरिटेज फाउंडेशनच्या स्टुअर्ट बटलर यांच्यामार्फत पोहोचली. 1980 मध्ये बफेलोचे रिपब्लिकन प्रतिनिधी जॅक केम्प आणि साउथ ब्राँक्सचे डेमोक्रॅट प्रतिनिधी रॉबर्ट गार्सिया यांनी मिळून विधेयक मांडले. साउथ ब्राँक्स म्हणजे त्या काळी जळालेल्या इमारतींचा आणि ओसाड भूखंडांचा भाग, त्यामुळे तिथल्या प्रतिनिधीने बाजारवादी वाटणाऱ्या विधेयकावर सही करणे ही किरकोळ गोष्ट नव्हती. तरीही संघराज्याच्या पातळीवर तेरा वर्षे काही हाती लागले नाही. दरम्यान कनेक्टिकटसारख्या राज्यांनी स्वतःचे कायदे केले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तीसहून अधिक राज्यांत अशी क्षेत्रे होती. 1987 च्या गृहनिर्माण कायद्याने शंभरपर्यंत क्षेत्रे जाहीर करण्याचा अधिकार गृहनिर्माण व नागरी विकास खात्याला दिला, पण त्याला जोडून एकाही कराची सवलत दिली नाही. नगरपालिकांनी अर्ज केले, नकाशे जोडले, ठराव केले आणि एकही क्षेत्र जाहीर झाले नाही. गरीब भागांना अर्ज करायला लावून रिकाम्या हाताने परत पाठवण्याची ही पहिली वेळ होती. 1992 च्या लॉस एंजेलिसमधील दंगलींनंतर विषय पुन्हा तापला, पण त्या वर्षीच्या करविधेयकावर राष्ट्राध्यक्ष बुश यांनी नकाराधिकार वापरला आणि तोही प्रयत्न बारगळला.

ऑगस्ट 1993 मध्ये क्लिंटन सरकारच्या अंदाजपत्रक कायद्याने जी व्यवस्था आणली, ती या सगळ्या इतिहासात अर्जदाराला सर्वांत गंभीरपणे घेणारी होती. कायद्याने दोन दर्जे ठेवले. वरचा दर्जा ‘एम्पॉवरमेंट झोन’ या नावाने नऊ जागांना मिळणार होता, सहा शहरी आणि तीन ग्रामीण. खालचा ‘एन्टरप्राइझ कम्युनिटी’ हा दर्जा पंचाण्णव जागांना मिळणार होता. पात्रतेचे मोजमाप जनगणना-प्रभागावर, म्हणजे इंग्रजीत ज्याला सेन्सस ट्रॅक्ट म्हणतात आणि ज्यात साधारण चार हजार माणसे राहतात अशा तुकड्यावर, बेतलेले होते. अर्जात समाविष्ट केलेल्या प्रत्येक प्रभागात किमान 20 टक्के रहिवासी दारिद्र्यरेषेखाली असणे आवश्यक होते. शिवाय नव्वद टक्के प्रभागांत हे प्रमाण किमान 25 आणि निम्म्या प्रभागांत किमान 35 टक्के असावे लागे. शहरी क्षेत्र वीस चौरस मैलांपेक्षा आणि ग्रामीण क्षेत्र एक हजार चौरस मैलांपेक्षा मोठे चालत नसे. शहरी क्षेत्राचे फार तर तीन सुटे तुकडे चालत. शहराचा मध्यवर्ती व्यापारी भाग अत्यंत गरीब असल्याशिवाय आत घेता येत नसे.

या अटींचा अर्थ प्रत्यक्ष अर्ज भरताना उमगत असे. समजा एखाद्या गल्लीच्या एका बाजूचा प्रभाग 41 टक्के गरीब आहे आणि दुसऱ्या बाजूचा 19 टक्के, पण बंद पडलेला कारखाना आणि त्याचे रिकामे आवार नेमके दुसऱ्या बाजूला आहे. दुसरा प्रभाग घेतला तर अर्जच अपात्र ठरतो आणि सोडला तर ज्या जागेवर नवे काम उभे राहू शकेल ती जागाच सवलतीबाहेर जाते. ही अडचण इतकी सार्वत्रिक होती की 1997 च्या सुधारणेत दोन हजार एकरांपर्यंतच्या विकसनयोग्य जागांना दारिद्र्याच्या निकषातून मोकळीक द्यावी लागली. याशिवाय आकडेवारी 1990 च्या जनगणनेची होती, म्हणजे 1994 च्या अर्जात चार-पाच वर्षांपूर्वीची वस्ती मोजली जात होती. दरम्यान गिरणी बंद पडली असेल, तर ती त्या मापात येणार नव्हती.

आकड्यांपेक्षा कष्टाचा भाग होता विकास-आराखडा. राज्य आणि स्थानिक प्रशासन या दोघांनी क्षेत्राचे नामनिर्देशन करायचे आणि त्यासोबत रहिवासी, चर्चेस, स्वयंसेवी संस्था, बँका व उद्योजक यांनी मिळून तयार केलेला दहा वर्षांचा आराखडा सादर करायचा, अशी कायद्याची मागणी होती. आराखड्याची तपासणी चार तत्त्वांवर होत असे: आर्थिक संधी, टिकाऊ सामुदायिक विकास, स्थानिक भागीदारी आणि बदलाची स्पष्ट दिशा. 30 जून 1994 च्या मुदतीपर्यंत पाचशेहून अधिक अर्ज आले. 21 डिसेंबर 1994 रोजी निकाल लागला, तेव्हा अटलांटा, बाल्टिमोर, शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया–कॅमडेन ही शहरी क्षेत्रे, तर केंटकी हायलँड्स, मिसिसिपीचा मिड-डेल्टा आणि टेक्सासचे रिओ ग्रांदे खोरे ही ग्रामीण क्षेत्रे निवडली गेली. प्रत्येक शहरी क्षेत्राला 10 कोटी डॉलर, ग्रामीण क्षेत्राला 4 कोटी डॉलर अनुदान आणि त्यावर करसवलती असा लाभ होता. ‘एन्टरप्राइझ कम्युनिटी’ला सुमारे 30 लाख डॉलर आणि करमुक्त रोख्यांची सोय एवढेच मिळाले.

करसवलतीत मुख्य होती वेतनावरील करसूट. क्षेत्रात राहणाऱ्या आणि क्षेत्रातच काम करणाऱ्या कामगाराच्या वर्षाच्या पहिल्या 15,000 डॉलर वेतनाच्या 20 टक्के, म्हणजे जास्तीत जास्त 3,000 डॉलर, मालकाच्या देय करातून थेट वजा होत. ही वजावट करपात्र उत्पन्नातून होत नसून प्रत्यक्ष करातून होत असल्याने मोलाची होती, पण तिच्या दोन अटी बारकाईने पाहण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, कामगार स्त्रीने घर बदलून रस्त्याच्या पलीकडे, रेषेबाहेर, खोली घेतली, तर मालकाची सूट बंद होई. त्यामुळे रहिवाशाचे हित आणि वस्तीचे हित एकमेकांना बांधले गेले, पण थोडे बरे दिवस येताच माणूस जागा बदलतो ही गोष्ट हिशेबात राहिली नाही. दुसरी अट अलिखित होती: सूट मिळायला कर देय असावा लागतो. नव्याने सुरू झालेले, पहिली दोन-तीन वर्षे तोट्यात चालणारे छोटे दुकान, म्हणजे वस्तीला ज्याची सर्वांत जास्त गरज असते तेच, या सवलतीचा फारसा उपयोग करू शकत नसे. मोठ्या आणि आधीच नफ्यात असलेल्या आस्थापनेला मात्र ती पहिल्या दिवसापासून मिळे. करसवलतीवर आधारलेल्या प्रत्येक योजनेत ही उणीव असते आणि दर वाढवून ती भरून निघत नाही.

अर्जाच्या स्पर्धेवर सर्वांत सबळ आक्षेप क्षमतेचा आहे. दहा वर्षांचा आराखडा लिहायला नियोजनकार, वकील, आकडेतज्ज्ञ आणि बैठका घडवून आणणारी माणसे लागतात. ज्या गावात नगरपालिकेचा कारभार दोन कारकुनांवर चालतो, तिथे ती नसतात. केंटकी हायलँड्सचा अर्ज यशस्वी झाला त्यामागे 1968 पासून त्या डोंगराळ भागात काम करणारी गुंतवणूक संस्था उभी होती. अशी संस्था नसलेल्या शेजारच्या भागात दारिद्र्य तितकेच होते, पण ते मांडणारे कोणी नव्हते. मूलनिवासी जमातींच्या राखीव प्रदेशांना तर पहिल्या फेरीत दारच बंद होते. त्यांच्यासाठी वेगळ्या करतरतुदी केल्या आहेत असे कारण दिले गेले, आणि दुसऱ्या फेरीत ती बंदी उठल्यावर पाइन रिजच्या ओग्लाला सू जमातीला ग्रामीण क्षेत्राचा दर्जा मिळाला. राजकीय वजनाचाही प्रश्न होता. अर्थतज्ज्ञ अँड्र्यू हॅन्सन यांच्या 2009 च्या अभ्यासात करविषयक संसदीय समितीवर ज्यांचा प्रतिनिधी होता त्या भागांना निवड होण्याची शक्यता अधिक असल्याचे दिसले.

हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट या व्यवस्थेच्या बाजूने ठामपणे सांगावी लागते. अर्ज करणे भाग असल्यामुळे वस्तीला एकत्र बसावे लागले. बाल्टिमोरने आपल्या क्षेत्रात ‘व्हिलेज सेंटर’ नावाची रहिवाशांच्या सहभागाने चालणारी केंद्रे उभारली. त्या केंद्रांत निधीवरून वाद झाले, काही केंद्रे नीट चालली तर काही रखडली, परंतु पैसा कुठे जावा याबद्दल बोलण्याचा अधिकार तिथल्या माणसांना कागदावर मिळाला होता. अटलांटाचे चित्र याउलट होते. तिथला कारभार गोंधळाचा ठरला आणि अखेर त्या क्षेत्राचा दर्जाच बदलून वेगळ्या योजनेखाली आणला गेला. म्हणजे अर्जातले वचन पाळले जाईलच असे नव्हते, पण ते लिहिलेले असल्यामुळे त्याची विचारणा करता येत होती.

1997 च्या कायद्याने जाहीर झालेल्या दुसऱ्या फेरीत, म्हणजे जानेवारी 1999 मध्ये निवडलेल्या वीस क्षेत्रांत, ही विचारणा लंगडी पडली. करसवलत कायद्यात होती, पण अनुदान मात्र दरवर्षीच्या अंदाजपत्रकावर सोडले होते आणि पहिल्या फेरीच्या तुलनेत ते फारच कमी आले. आराखडे मोठ्या अपेक्षेने लिहिले गेले होते आणि त्यांचा बराच भाग कागदावर राहिला.

डिसेंबर 2000 मध्ये आलेल्या कायद्याने ‘रिन्यूअल कम्युनिटी’ हा तिसरा प्रकार आणला. त्यात चाळीस जागा होत्या, पैकी किमान बारा ग्रामीण. या प्रकारात अनुदान अजिबात नव्हते. पाच वर्षांहून अधिक काळ ठेवलेल्या मालमत्तेवरील भांडवली नफा, म्हणजे विक्रीकिमतीतून खरेदीकिमत वजा जाता उरलेली वाढ, करमुक्त होता. वेतनावरील सूट 1,500 डॉलरपर्यंत होती, आणि व्यापारी इमारती उभारण्यासाठी दर क्षेत्रात वर्षाला 1.2 कोटी डॉलरपर्यंतच्या खर्चावर जलद वजावट होती. दारिद्र्याबरोबर बेकारीचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीच्या दीडपट असावे, अशी अट आली. निवड मुख्यतः आकड्यांच्या क्रमवारीने होणार असल्यामुळे सुंदर आराखडा लिहिण्याची गरज उरली नाही, आणि क्षमतेचा आक्षेप काही प्रमाणात मिटला. त्याऐवजी राज्य आणि स्थानिक प्रशासनाला ठोस वचने द्यावी लागत: कर किंवा शुल्क कमी करणे, सार्वजनिक सेवा सुधारणे, गुन्हे रोखण्याची योजना आखणे, सरकारी पडीक मालमत्ता देणे अशा सहा गोष्टींपैकी किमान चार. घरून चालणाऱ्या धंद्यांवरील जागावापराची बंधने आणि अनावश्यक परवाने सैल करण्याची हमीही द्यावी लागे. तिच्यामागे खरा विचार होता, कारण गरीब वस्तीत शिवणकाम, खाद्यपदार्थ, केशकर्तन असे धंदे बहुधा घरातूनच सुरू होतात आणि परवान्याच्या फेऱ्यात अडकतात. पण रहिवाशांना या रचनेत वचने घेणाऱ्याची जागा मिळाली आणि ठरवणाऱ्याची गेली. 2009 अखेर या क्षेत्रांची मुदत संपली.

या योजनांनी काय साधले, याबाबत संशोधकांची मते जुळत नाहीत. लेस्ली पापके यांना 1994 मध्ये इंडियाना राज्याच्या क्षेत्रांत बेकारीभत्त्याचे दावे घटलेले दिसले. याउलट डेव्हिड न्यूमार्क आणि जेड कोल्को यांना 2010 मध्ये कॅलिफोर्नियाच्या क्षेत्रांत रोजगारावर कोणताही ठळक परिणाम आढळला नाही, आणि 2013 मध्ये त्या राज्याने आपली योजना मोडीत काढली. अमेरिकी संसदेसाठी सरकारी कामाची तपासणी करणाऱ्या कार्यालयाने, म्हणजे जीएओने, 2006 मध्ये संघराज्याच्या क्षेत्रांचा आढावा घेतला तेव्हा काही ठिकाणी दारिद्र्य घटल्याचे दिसले, परंतु ते योजनेमुळे घटले असे म्हणता येईना. कोणत्या क्षेत्रात किती करसवलत वापरली गेली याची नोंदच ठेवलेली नव्हती.

मॅटियास बुसो, जेसी ग्रेगरी आणि पॅट्रिक क्लाइन यांचा 2013 मधील अभ्यास इथे विशेष लक्षात घ्यावा लागतो. त्यांनी पहिल्या फेरीतील निवडलेल्या क्षेत्रांची तुलना नाकारल्या गेलेल्या आणि पुढच्या फेरीत निवडल्या गेलेल्या अर्जदारांशी केली. क्षेत्रातील रोजगार आणि तिथे राहून तिथेच काम करणाऱ्यांचे वेतन वाढल्याचे, पण घरभाडे फारसे न चढल्याचे त्यांना आढळले. हे करता आले याचे कारण असे की, नाकारलेल्या वस्त्यांनीही अर्ज केला होता, आपले प्रभाग लिहून दिले होते आणि ते कागद जपले गेले होते. हरलेल्या वस्त्यांच्या कष्टाचा हा एकमेव फायदा म्हणायला हरकत नाही. त्याचबरोबर ज्या योजनेत अर्जच नसतो, तिच्या परिणामांचा छडा लावणे किती कठीण होते याचीही त्यावरून कल्पना येते.

2014 मध्ये ओबामा सरकारने जाहीर केलेल्या ‘प्रॉमिस झोन’चा उल्लेख थोडक्यात पुरे. सॅन अँटोनियो, फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिस, केंटकीचा आग्नेय भाग आणि ओक्लाहोमातील चॉक्टॉ नेशन यांची पहिली निवड स्पर्धेतून झाली, प्रस्तावित करसवलत संसदेने मंजूर केली नाही, आणि इतर अनुदानांत प्राधान्य एवढाच लाभ उरला.

खरे वळण आले ते डिसेंबर 2017 च्या करकायद्यातील ‘ऑपॉर्च्युनिटी झोन’ने. रिपब्लिकन सिनेटर टिम स्कॉट आणि डेमोक्रॅट सिनेटर कोरी बुकर यांनी पुढे आणलेल्या या कल्पनेत वस्तीने अर्ज करायचाच नव्हता. दारिद्र्य किमान 20 टक्के किंवा कुटुंबाचे मध्यम उत्पन्न परिसराच्या 80 टक्क्यांपर्यंत, एवढा निकष पुरा करणारे प्रभाग देशात सुमारे एकतीस हजार निघाले. त्यांतल्या एक चतुर्थांशपर्यंत प्रभागांची नावे प्रत्येक राज्याच्या गव्हर्नरने नव्वद दिवसांत, गरज पडल्यास तीस दिवस वाढवून, अर्थखात्याला कळवायची होती. अर्थखात्याने 8,764 प्रभागांना मान्यता दिली. प्वेर्तो रिकोचा जवळपास सारा भूभाग त्यात आला. काही गव्हर्नरांनी नगरपालिकांकडून सूचना मागवल्या, काहींनी मागवल्या नाहीत, आणि कायद्याला दोन्ही चालत होते. निवडीचा अभ्यास करणाऱ्यांना असेही दिसले की, गव्हर्नरच्या पक्षाचा आमदार असलेल्या प्रभागाची निवड होण्याची शक्यता थोडी अधिक होती. शिवाय नुसत्या दारिद्र्याच्या टक्केवारीमुळे विद्यापीठांच्या सभोवतालचे काही भाग पात्र ठरले, कारण स्वतःचे उत्पन्न नसलेले विद्यार्थी जनगणनेत गरीब मोजले जातात.

सवलतीचे लाभार्थीही बदलले. कोठेही मिळवलेला भांडवली नफा 180 दिवसांत ‘ऑपॉर्च्युनिटी फंडा’त गुंतवला, तर त्यावरील कर 2026 अखेरपर्यंत पुढे ढकलला जाई. पाच आणि सात वर्षे गुंतवणूक टिकवल्यास त्यात काही घट मिळे, आणि दहा वर्षांनंतर नव्या गुंतवणुकीच्या वाढीवर करच लागत नसे. फंडाने आपली 90 टक्के मालमत्ता क्षेत्रात ठेवायची, आणि आपण पात्र आहोत हे एका विवरणपत्रावर स्वतःच नमूद करायचे. स्थानिक माणसाला काम देण्याची अट नव्हती आणि किती कामे निर्माण झाली हे सांगण्याचे बंधनही नव्हते. ज्या प्रक्रियेत 1994 साली रहिवाशांना बैठका घ्याव्या लागल्या होत्या, तिची जागा गुंतवणूकदाराच्या वार्षिक करपत्रकाने घेतली. गती वाढली आणि नोकरशाहीचा फेरा संपला, हे या बदलाचे समर्थक सांगतात ते खरेच आहे. पण वस्तीचे नाव सांगून दिलेल्या सवलतीत वस्तीला तोंडच नसणे हा त्या गतीसाठी मोजलेला दाम फार मोठा आहे. या फंडांचा पैसा मोजक्या प्रभागांत आणि मुख्यतः स्थावर मालमत्तेत एकवटला. रोजगाराबाबतचे निष्कर्ष पुन्हा विभागलेले आहेत. मॅथ्यू फ्रीडमन, शंतनू खन्ना आणि न्यूमार्क यांना रहिवाशांच्या रोजगारात किंवा दारिद्र्यात फारसा फरक दिसला नाही, तर इतर काही अभ्यासकांना क्षेत्रातील नोकऱ्या वाढल्याचे आढळले. या दोन विधानांत विसंगती असेलच असे नाही, कारण क्षेत्रात नोकरी निर्माण होणे आणि ती तिथल्या रहिवाशाला मिळणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

महाराष्ट्रातील वाचकाला ही मांडणी पूर्णपणे परकी वाटणार नाही. 1964 पासून चालत आलेल्या राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तालुक्यांची अ, ब, क, ड, ड+ अशी वर्गवारी शासन करते, विनाउद्योग जिल्हे आणि नक्षलग्रस्त भाग यांना वेगळे स्थान देते, आणि त्या वर्गानुसार उद्योजकाला मिळणारा लाभ वाढतो. तिथेही तालुका स्वतः अर्ज करत नाही. पात्रता प्रमाणपत्रासाठी अर्ज करतो तो उद्योजक. फरक एवढाच की, प्रमाणपत्रामुळे कोणत्या उद्योगाने काय घेतले याची नोंद शासनाकडे राहते, आणि अमेरिकेच्या 2017 च्या कायद्यात नेमकी हीच नोंद गाळली गेली.

4 जुलै 2025 रोजी सही झालेल्या करकायद्याने ‘ऑपॉर्च्युनिटी झोन’ कायमचे केले आणि दर दहा वर्षांनी नव्याने निवड करण्याची तरतूद केली. पात्रतेची उत्पन्नमर्यादा परिसराच्या 80 टक्क्यांवरून 70 टक्क्यांवर आली. दारिद्र्याच्या निकषावर येणाऱ्या प्रभागालाही उत्पन्नाची कमाल मर्यादा लागली, त्यामुळे सुस्थितीतले भाग नुसत्या टक्केवारीच्या आधारे आत शिरणे अवघड झाले. गरीब प्रभागाला लागून असलेले तुलनेने बरे प्रभाग आत घेण्याची मुभा आणि प्वेर्तो रिकोसाठीची खास तरतूदही गेली. ग्रामीण भागात गुंतवणाऱ्या फंडांना अधिक सवलत मिळाली, आणि फंडांना आपल्या गुंतवणुकीचा तपशील न दिल्यास दंड लागू झाला. गव्हर्नरांनी नव्या नावांची शिफारस करण्याचा कालावधी 1 जुलै 2026 पासून सुरू होतो आणि नवी क्षेत्रे 1 जानेवारी 2027 पासून अमलात येतात. गव्हर्नरने यादी पाठवण्यापूर्वी त्या प्रभागांतील रहिवाशांना विचारावे, असे बंधन मात्र या कायद्यातही घातलेले नाही. ज्या नगरपालिका आणि स्थानिक संस्थांना आपला भाग यादीत यावा किंवा येऊ नये असे वाटते, त्यांना राज्याच्या विकास खात्याकडे स्वतःहून, जुन्या आराखड्यांसारखाच पण कोणी न मागितलेला कागद घेऊन जावे लागेल.